प्राथमिक शाळेतल्या मुलांना पर्यावरणाची काळजी घ्यायला कसं शिकवावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथीच्या वर्गांना शिकवते. शिक्षण परिषदेत, पालकसभेत आणि नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांच्या फोनवर पर्यावरणाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. बहुतेक गोष्टी आम्ही करून पाहिलेल्या आहेत. काही फसल्या, त्याही मुद्दाम ठेवल्या आहेत.

सहा-सात वर्षांच्या मुलांना पर्यावरणातलं काय कळणार?

जागतिक तापमानवाढ, जैवविविधता हे शब्द कळणार नाहीत, आणि त्याची घाईही नाही. पण मुंगळ्यांची रांग कुठे चालली आहे हे बघायला बसलेलं मूल तास संपला तरी उठत नाही, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिलेलं असतं. त्या कुतूहलाला धरूनच पुढे जायचं.

इतक्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की पटली आहे. मूल ज्याला ओळखतं, ज्याला रोज भेटतं, त्याचीच काळजी घेतं. वहीत 'झाडे लावा, झाडे जगवा' असं सुंदर अक्षरात लिहिणारं मूल मधल्या सुट्टीत सहज फांदी मोडतं. त्याच मुलाने पाणी घातलेल्या रोपाला दुसऱ्या कुणी हात लावला, तर ते धावत सांगायला येतं, "बाई, माझ्या झाडाचं पान तोडलं!" शिकवायचं असेल तर या 'माझ्या' शब्दापासून.

हे अभ्यासक्रमात आहेच. मग वेगळं काय करायचं?

आहे, आणि कायद्याच्या आधारासह आहे. पर्यावरणासाठी लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निकाल दिला आणि शाळेत पर्यावरण शिकवणं सक्तीचं झालं. पुढे २००३ मध्ये न्यायालयाने त्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा आदेश दिले. निसर्गाचं रक्षण हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून राज्यघटनेच्या कलम ५१ क मध्येही आहे.

आपल्याकडे या विषयाचं नाव 'परिसर अभ्यास' आहे, आणि मला ते नाव फार आवडतं. पर्यावरण म्हटलं की ध्रुवावरचं अस्वल डोळ्यांपुढे येतं. परिसर म्हटलं की शाळेमागचा ओढा, हापसा, उकिरडा, चिंच. पुस्तकातला धडा वाचून प्रश्नोत्तरं लिहून घेतली, की परिसर चार भिंतींतच राहतो. तोच तास बाहेर घेतला तर वेगळं काही करावंच लागत नाही.

सुरुवात कुठून करू? माझ्याकडे ना साहित्य आहे, ना निधी.

एका झाडापासून करा. शाळेच्या आवारातलं किंवा जवळचं एक मोठं झाड 'वर्गाचं झाड' ठरवा आणि आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पंधरा मिनिटं त्याच्याखाली बसा. आमचा कडुनिंब आहे. मुलं खोडाला मिठी मारून किती जणांचे हात लागतात ते मोजतात, सालीवर कागद ठेवून खडू घासून ठसा घेतात, खाली पडलेलं काय काय सापडलं ते वहीत चिकटवतात. माघ-फाल्गुनात पानगळ होते तेव्हा पहिलीतली मुलं घाबरून विचारतात, "बाई, झाड मेलं का?" मी उत्तर देत नाही. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तांबूस कोवळी पालवी येते, मग पाडव्याला तीच पानं गुळासोबत घरी खाल्ली जातात, चैत्रात बारीक पांढऱ्या मोहराचा सडा पडतो. उत्तर झाडच देतं.

साहित्याचं म्हणाल तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम आठवावं. १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या त्या खडे, बिया, पानं, शंख-शिंपले यांवर. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली, तिला कुरणशाळा म्हणत. एवढं मोठं उदाहरण आपल्या मराठी मुलखातलं असताना बाजारातल्या महागड्या संचांची वाट पाहू नये.

वृक्षारोपण दरवर्षी होतं, पण झाडं जगत नाहीत. काय चुकतं?

या प्रश्नाला मी सर्वात जास्त जागा देणार आहे, कारण मुलांचा विश्वास इथेच बसतो किंवा मोडतो.

आधी वेळापत्रक पाहा. जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला. तेव्हा आपल्या शाळा बंद असतात आणि पाऊसही बेभरवशाचा असतो. वन महोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात, तो आपल्याला सोयीचा. पण झाड जगवण्याची परीक्षा जुलैत नसते. ती फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत असते, आणि त्यातला शेवटचा महिना शाळेला सुट्टी.

मी एका शाळेत नवीन असताना आम्ही जुलैत तीस रोपं लावली. फोटो निघाले, अहवाल गेला. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा चार रोपं जिवंत होती. चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, हीच चार का जगली?" मला सांगता आलं नाही, म्हणून आम्ही सगळे मिळून बघायला गेलो. चारही रोपं हापशाच्या उताराला होती. सुट्टीतही गावातल्या बायका तिथे पाणी भरत होत्या आणि सांडलेलं पाणी त्या बाजूला वाहत होतं. कुणी मुद्दाम पाणी घातलेलं नव्हतं.

त्या वर्षीपासून आम्ही आधी पाणी शोधतो आणि मग रोप लावतो. दुपारी खिचडी खाऊन झाल्यावर मुलं जिथे हात आणि ताटल्या धुतात, तिथून एक चर काढला आहे. चराच्या दोन्ही बाजूंना सात झाडं आहेत. वर्षाला दोन-तीनच नवी लावतो.

बाकीचं थोडक्यात सांगते. खड्डा मे महिन्यातच दीड-दोन फूट खोल खणून उन्हात तापू द्यावा. ग्रामपंचायतीला किंवा पालकांना सांगितलं तर होतं. दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर माती आणि कुजलेलं शेणखत घालून रोप लावावं. कमरेएवढं तरी रोप घ्यावं, वीतभर रोप शेळीच्या एका घासाचं असतं. बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण करावं. थंडी सरताना बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घालावं. उन्हाळ्यासाठी मडक्याच्या बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुती वात ओवावी आणि मडकं रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरावं. एकदा भरलं की पाणी हळूहळू मुळांशी झिरपत राहतं.

आणि मे महिना? प्रत्येक झाडाला दोन घरं वाटून द्या, शाळेजवळची. मूल मामाच्या गावाला गेलं तर दुसऱ्या घरचं मूल पाणी घालतं. नावं फळ्यावर नकोत, ती त्या घरांत जाऊन, आई-आजीशी बोलून ठरवा. पाणी बहुतेक वेळा आजीच घालते, आणि नातवंड तिच्याबरोबर असतं.

एवढं करूनही झाड मेलं तर मुलांना काय सांगायचं?

मेलं असं सांगायचं. रातोरात दुसरं रोप आणून तिथे लावू नका. मुलं फसत नाहीत, आणि फसली तर ते अधिक वाईट. वाळलेलं रोप उपटून मुळं बघू द्या. वाळवी लागली होती का, मुळं पिशवीतच गुंडाळलेली राहिली होती का, हे हातात धरून कळतं. आमच्याकडे एकदा रोपाची काळी पिशवी न काढताच ते लावलं गेलं होतं. लावणाऱ्यात मीही होते. मुलांसमोर मी ते कबूल केलं.

कोणती झाडं लावावीत?

त्या भागात आधीपासून वाढणारी. करंज, कडुनिंब, जांभूळ, चिंच, बहावा, आपटा, कोकणात उंडी आणि सुरंगी, विदर्भात मोह आणि पळस. गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची. ती वाईट झाडं आहेत असं मुलांना सांगू नका, पण उंबरावर किती पाखरं येतात आणि निलगिरीवर किती, हे त्यांना मोजू द्या. ताम्हण हे आपलं राज्यफूल आहे आणि ते एप्रिल-मेमध्ये जांभळं फुलून येतं. फाटकाजवळ एक ताम्हण असावा असं मला मनापासून वाटतं.

मुलं बेचकीने पाखरं मारतात. रागावून उपयोग होत नाही.

होणारही नाही. बेचकी चांगली चालवणाऱ्या मुलाला पाखरं कुठे बसतात, कधी उडतात, घरटी कुठे असतात हे वर्गात सगळ्यात जास्त माहीत असतं. त्याला आपण गुन्हेगार ठरवतो आणि आपला सर्वोत्तम निरीक्षक घालवून बसतो.

आमच्या वर्गात असा एक मुलगा होता. मी त्याला विचारलं, सुगरणीची घरटी कुठे आहेत? तो आम्हाला विहिरीवर वाकलेल्या बाभळीकडे घेऊन गेला. ऑगस्ट होता. बाभळीवर पंधरा-वीस घरटी लोंबत होती आणि पिवळ्या डोक्याचे नर उसाच्या पात्याच्या लांब चिंधोट्या चोचीत धरून ये-जा करत होते. मुलांना वाटत होतं, घरटं सुगरण मादी विणते. त्या मुलाने सांगितलं, "विणतो तो नर. मादी येऊन बघते. आवडलं नाही तर निघून जाते." अगदी बरोबर. नर अर्धवट घरटं विणतो, टोपीसारखं, आणि मादीने पसंत केलं तरच ते नळीपर्यंत पूर्ण होतं. खाली पडलेलं एक अर्धवट घरटं आम्ही उचललं. आत ओल्या मातीचा लिंपलेला गोळा होता, तो सगळ्यांनी बोटाने चाचपून पाहिला. मी त्या मुलाला घरट्यांची वही दिली. कोणतं पूर्ण झालं, कोणतं सोडून दिलं, ते तो रोज सांगायचा. बेचकी टाक असं मी त्याला एकदाही म्हटलं नाही. दिवाळीनंतर ती त्याच्या गळ्यात दिसली नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. आदिवासी पाड्यांवर शिकार हा काही घरांच्या जेवणाचा भाग राहिलेला आहे. तिथल्या मुलाला वर्गात उभं करून 'पापी' ठरवणं अन्यायाचं आहे. त्या घरांना जंगलाबद्दल आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. जुन्या जाणत्याला शाळेत बोलवा. विणीच्या काळात काय मारायचं नाही, कुठल्या कंदाचा थोडा भाग जमिनीत ठेवायचा, हे त्यांच्याकडून ऐकावं.

कचऱ्याचं वर्गीकरण मुलांना कसं शिकवू? हिरवा डबा, निळा डबा पाठ होतं, पण वापरताना सगळं एकत्रच जातं.

डब्यांच्या आधी खड्डा करा. आमचा हा सगळ्यात आवडता प्रयोग आहे. शाळा सुरू झाली की आवाराच्या कोपऱ्यात हातभर खोल खड्डा खणायचा आणि त्यात केळ्याची साल, वहीचं पान, सुती चिंधी, दुधाची पिशवी आणि कुरकुऱ्यांचं पाकीट पुरायचं. वर काठी रोवायची, तारीख लिहायची. 'काय सापडेल?' याचा अंदाज प्रत्येकाने वहीत लिहायचा.

गणपतीच्या सुट्टीनंतर आम्ही खड्डा उघडतो. माती हाताने बाजूला करताना वर्गात एरवी कधी नसते इतकी शांतता असते. केळ्याची साल सापडतच नाही, त्या जागी काळी भुसभुशीत माती आणि दोन-चार गांडुळं. कागदाचा लगदा. चिंधी बोटाने ओढली की फाटते. पाकीट मात्र झटकलं की आतून तस्सं चकचकीत. एका वर्षी एका मुलाने पाकिटावरची किंमत आणि तारीख मोठ्याने वाचून दाखवली. सूक्ष्मजीवांना साल खाता येते आणि प्लास्टिक खाता येत नाही, हे वाक्य त्यानंतर सांगितलं की एका दमात कळतं.

मग भंगारवाल्या काकांना शाळेत बोलवा. आमच्याकडे ते सायकलवर आले आणि तराजू घेऊनच आले. दुधाची पिशवी ते घेतात, पाण्याची बाटली घेतात, पुठ्ठा घेतात. कुरकुऱ्यांचं पाकीट त्यांनी हातात धरलं आणि परत दिलं. त्यात प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटे होत नाहीत, म्हणून त्याला भाव नाही. मुलांनी विचारलं, "मग हे कुठे जातं?" काका म्हणाले, "कुठंच जात नाही." त्या आठवड्यात डब्यातून येणारी पाकिटं कमी झाली, पूर्ण थांबली नाहीत. शाळेसमोरच्या टपरीवर ती पाच रुपयांना मिळतात, तोवर पूर्ण थांबणारही नाहीत.

शाळा झाडणं, कचरा उचलणं ही कामं मुलांना द्यावीत का?

द्यावीत, पण सगळ्यांना सारखी. हे नीट तपासून पाहा: तुमच्या शाळेत झाडू कुणाच्या हातात असतो? बहुतेक ठिकाणी मुलींच्या. आणि काही ठिकाणी, कुणी मोठ्याने म्हणत नाही, पण ठराविक घरांतल्या मुलांच्या. पर्यावरणाच्या नावाखाली जात आणि बाईपण यांचे जुने धडे आपण पुन्हा गिरवून घेत असू, तर ते शिकवणं नको. आमच्याकडे हजेरीच्या क्रमाने पाळी येते आणि सोमवारी झाडू माझ्या हातात असतो.

वर्गात एखाद्या सफाई कामगाराचं किंवा कचरावेचक बाईचं मूल असेल, तर 'घाण', 'कचरेवाले' असे शब्द जपून वापरा. पुण्यात कचरावेचकांची स्वतःची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करते आणि शहराचा कितीतरी कचरा जाळण्या-पुरण्यापासून वाचवते. कचऱ्यातलं सगळ्यात जास्त ज्ञान त्या बायकांकडे आहे. त्या मुलाची आई पाहुणी म्हणून शाळेत आली, तर मूल वर्गात ताठ बसतं.

काच, सुया, औषधांच्या बाटल्या मुलांनी उचलायच्या नाहीत. शौचालय मुलांनी साफ करायचं नाही.

पाण्याची बचत कशी शिकवू?

मोजायला लावून. गळक्या नळाखाली पेला ठेवा. दहा मिनिटांत २०० मिलिलिटरचा पेला भरला, तर तासाला १.२ लिटर आणि दिवसाला जवळजवळ २९ लिटर. चौथीच्या मुलांना हे गणित येतं, आणि आपल्या घरच्या हंड्यांत ते किती भरतं हे त्यांना लगेच सांगता येतं. ज्यांच्या घरी डोक्यावरून पाणी येतं त्यांना जास्तच. आमच्याकडे हे गणित मुलांनीच चिठ्ठीवर लिहून सरपंचांना नेऊन दिलं आणि नळाची तोटी बदलली गेली.

पावसाळ्यात पर्जन्यमापक करा. सरळ उभ्या कडांचा डबा उघड्यावर ठेवायचा आणि रोज एकाच वेळी पट्टीने मिलिमीटर मोजायचे. हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं, शाळेची वेळ जुळत असेल तर तीच धरा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. तीस चौरस मीटरच्या पत्र्यावर वीस मिलिमीटर पडला तर सहाशे लिटर. मुलं पन्हाळीखाली उभी राहून ते पाणी वाहून जाताना बघतात, तेव्हा टाकी का हवी हे सांगावं लागत नाही.

मराठवाड्यातल्या शिक्षकांसाठी एक सुचवते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं गेलं. आज प्राथमिक शाळेत असलेल्या बहुतेक मुलांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, पण त्यांच्या घरच्यांनी त्या पाण्यासाठी रांगा लावल्या आहेत. 'तेव्हा आपल्या घरात पाणी कसं पुरवलं?' हा प्रश्न गृहपाठाला द्या. उत्तरं वाचताना तुम्हालाही बरंच कळेल.

हवामानबदल, प्राणी नामशेष होणं, हे सांगावं का? मुलं घाबरतात.

पहिली-दुसरीत मी सांगत नाही. ज्या गोष्टीची ओळखच झाली नाही तिच्या मरणाची बातमी आधी देऊ नये. तिसरी-चौथीत मुलं स्वतः विचारतात, टीव्हीवर पाहिलेलं असतं. तेव्हा खोटा दिलासा देऊ नये, आणि प्रत्येक वाईट बातमीसोबत कुणीतरी हातात घेतलेलं काम सांगावं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची अंडी चोरीला जायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती अंडी जपायला सुरुवात केली, आणि आता पिल्लं समुद्रात सोडताना पाहायला माणसं लांबून येतात. ही गोष्ट ऐकताना मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आपण जायचं?"

घरी चूल आहे, शेतात उसाचं पाचट जाळतात, औषध फवारतात. मुलं घरी जाऊन आईवडिलांना सुनावतात. हे बरोबर आहे का?

नाही, आणि ही जबाबदारी आपली आहे. गॅसची टाकी परवडत नाही म्हणून चूल पेटते. पुढच्या पिकाला रान लवकर मोकळं हवं म्हणून पाचट पेटतं. सात वर्षांच्या मुलाच्या तोंडून आईला 'तू प्रदूषण करतेस' असं ऐकवणं क्रूरपणाचं आहे. मी मुलांना प्रश्न देऊन पाठवते: पाचट जाळलं नाही तर त्याचं काय होतं? आजोबा काय करायचे? गावात कुणी पाचट सरीतच कुजवून पाहिलं आहे का? एका वर्षी असा एक शेतकरी वर्गातल्याच मुलीचा चुलता निघाला. आम्ही त्याच्या रानात गेलो. पाचटाखालची माती ओली होती, शेजारच्या रानातली भेगाळलेली. पालकांपैकी दोघे बरोबर आले होते, ते बराच वेळ तिथेच बोलत थांबले.

सणांच्या वेळी काय करावं? लोक दुखावतात.

सण बंद करा असं कधीच सांगू नका. दसऱ्याला आपट्याची फांदी तोडण्याऐवजी आपट्याचं बी पेरा, आणि बाजारात आपटा म्हणून कांचनाची पानं विकतात, ती ओळखायला शिकवा. आपट्याचं पान लहान आणि जाडसर असतं, कांचनाचं मोठं. होळीला वर्गात बोलून 'होळी लहान, पोळी दान' करता येतं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ही चळवळ अनेक गावांत रुजवली आहे. गणपती मुलांच्या हातून शाळेतच घडवावा, शेतातल्या मातीचा, मुठीएवढा. तो बादलीत विसर्जित करून ती माती कुंडीत घालावी. नागपंचमीला साप दूध पीत नाही एवढं सांगितलं तरी पुष्कळ झालं.

साप दिसला की मुलं दगड घेऊन धावतात.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांची मोठी चित्रं वर्गात लावा आणि धामणीचंही लावा. धामण उंदीर खाते, हे शेतकऱ्यांच्या मुलांना पटकन पटतं. पण लहान मुलांना एकच नियम द्यावा: कुठलाही साप दिसला तरी लांब व्हायचं आणि मोठ्यांना सांगायचं. ओळख पटवायचं काम सर्पमित्राचं. दंश झाला तर सरळ दवाखाना, मांत्रिक नाही, हे पालकसभेत दर पावसाळ्याच्या आधी सांगा.

आम्ही शहरात राहतो. फ्लॅट आहे, शाळेला अंगण नाही.

एका कुंडीत कढीपत्ता किंवा लिंबू लावा आणि त्यावर औषध मारू नका. काही महिन्यांत पानांवर मोहरीहून लहान, पिवळसर अंडी दिसतील. त्यातून निघणारी अळी आधी पाखराच्या शिटेसारखी दिसते, म्हणून पाखरं तिला सहसा खात नाहीत. मोठी झाली की हिरवीगार होते. हलक्या हाताने काडी लावली की डोक्यामागून केशरी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मुलं हे दहादा करायला बघतात, दोनदा पुरे म्हणा. मग कोष, आणि बहुतेक वेळा सकाळच्या वेळी फुलपाखरू. कढीपत्ता निम्मा खाल्ला जाईल. फोडणीला थोडा विकत आणावा लागेल, आणि 'पानं कुणाची?' यावर घरात बोलणं होईल, ते होऊ द्या.

मुंबईत असाल तर बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आहे, ओहोटीच्या वेळी गिरगाव चौपाटीपासून मार्वेपर्यंत किनारे आहेत. लांब कुठे जायला नको. रस्त्यावरच्या एका झाडाच्या बुंध्याला सिमेंटने आवळलेलं दिसलं, तर मुलाला सोबत घेऊन पालिकेच्या उद्यान विभागाकडे तक्रार नोंदवा. सिमेंट फोडायला माणसं आली की मुलाला बघायला घेऊन जा.

घोषवाक्य स्पर्धा, चित्रकला स्पर्धा, प्रभातफेरी यांचा उपयोग होतो का?

थोडा. पण त्यासाठी आणलेले थर्मोकोल, फ्लेक्स आणि चमकी दुसऱ्या दिवशी कुठे गेली ते मुलं पाहतात.

मुलांमध्ये फरक पडला हे कसं ओळखू? गुण कसे देऊ?

लेखी परीक्षेत ते उतरत नाही. मी प्रत्येक मुलाच्या नोंदीत वर्षभरात जे दिसलं ते लिहिते, आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभराच्या निरीक्षणातून होणाऱ्या मूल्यमापनात, त्याला जागा आहे. 'न सांगता नळ बंद केला.' 'घरट्यातून पडलेलं पिल्लू दिसल्यावर हात लावला नाही, मला बोलावलं.' 'वहीची कोरी पानं काढून कच्ची वही शिवली.' आणि उलटंही लिहिते: 'गोगलगाय मुद्दाम चिरडली, नंतर रडला.' त्या मुलाशी मी दोन दिवसांनी बोलले. गोगलगायीच्या आत काय असतं ते त्याला बघायचं होतं. आम्ही काचेच्या बरणीत ओली माती आणि कोबीचं पान घालून दुसरी गोगलगाय आठवडाभर ठेवली, भिंगातून बघितली आणि शनिवारी पुन्हा ओट्यामागच्या ओलाव्यात सोडली. सोडायला तोच गेला होता.